रानडे, लिस्ट आणि भोपाळचा कारखाना

१९५६ या एकाच वर्षात भोपाळचे रूप दोनदा पालटले. २९ ऑगस्टला ‘हेवी इलेक्ट्रिकल्स (इंडिया) लिमिटेड’ ही सरकारी कंपनी नोंदली गेली आणि १ नोव्हेंबरला हे शहर नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. पहिल्या घटनेमुळे पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा या भागांत कारखान्याची वसाहत उभी राहिली, तर दुसरीमुळे जुनी राजधानी असलेल्या नागपुरातून सचिवालयाबरोबर अनेक मराठी कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. कारखान्याचे तंत्र ब्रिटनच्या ‘असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज’ या कंपनीचे होते आणि त्यामागच्या नियोजनावर सोव्हिएत रशियाची छाप होती, हे सर्वज्ञात आहे. परंतु असा कारखाना सरकारने काढावा, परदेशी मालाची स्पर्धा काही काळ रोखून धरावी, आजची महागाई सोसून उद्याची क्षमता पदरात पाडून घ्यावी, या विचाराचे मूळ शोधत गेल्यास वाट जर्मनीतील रॉइटलिंगेन या गावी १७८९ साली जन्मलेल्या फ्रीडरिश लिस्ट या अर्थचिंतकापाशी पोहोचते. आणि तो विचार भारतीय अर्थशास्त्राच्या पायाशी नेऊन ठेवणारा पहिला मोठा माणूस मराठी होता.

या वारशाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत आणि भोपाळच्या सुशिक्षित मराठी वर्तुळात दोन्ही आढळतात. प्रस्तुत लेखात त्या दोन दृष्टींना दोन बोलणारी माणसे योजून दिली आहेत: एक, हेवी इलेक्ट्रिकल्सच्या ट्रान्सफॉर्मर विभागात उमेदीची सारी वर्षे काढलेले निवृत्त अभियंता, दुसरी, नागपूरहून आलेल्या सचिवालयातील कुटुंबाच्या तिसऱ्या पिढीतील अर्थशास्त्राची अध्यापिका. वयातील अंतरामुळे त्यांची परस्परांना हाक ‘काका’ आणि ‘ताई’ अशी आहे.

अभियंत्यांनी आपला पक्ष कारखान्याच्या अनुभवावरून मांडला. “ताई, लिस्ट समजून घ्यायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. ट्रान्सफॉर्मरचे वाइंडिंग, म्हणजे तांब्याच्या तारेचे वेढे, कागदाच्या इन्सुलेशनमध्ये गुंडाळलेले असतात. त्या कागदात ओल राहिली तर उच्च दाबाची वीज सोडताच इन्सुलेशन फुटते; म्हणून वाइंडिंग निर्वात भट्टीत तापवून वाळवतात आणि मगच त्यात तेल भरतात. पुस्तकात ही कृती चार ओळींची आहे. पण कागद किती ताणायचा, वेढ्यावर वेढा कसा बसवायचा, ओल खरोखर निघाली की नाही हे कोणत्या आकड्यावरून ओळखायचे, हे हाताला यायला वर्षे जातात आणि त्या वर्षांत बनणारा माल महागच पडतो. साठच्या दशकात निव्वळ बाजारभावाने हिशेब केला असता तर ट्रान्सफॉर्मर विलायतेहून आणणेच शहाणपणाचे ठरले असते, आणि आज भोपाळात ते काम जाणणारा एकही हात नसता. हा हिशेबच अपुरा आहे, हे लिस्टने १८४१ साली सांगून ठेवले.”

अभियंत्यांनी येथे ज्या कल्पनेवर बोट ठेवले तिला लिस्टने ‘उत्पादक शक्ती’ म्हटले. ॲडम स्मिथपासूनच्या इंग्रज अर्थशास्त्राचे लक्ष विनिमयमूल्यावर, म्हणजे वस्तू बाजारात किती मोलाला जाते यावर होते. जी वस्तू जेथे स्वस्त मिळते ती तेथून घ्यावी, हा त्यातून निघणारा सरळ निष्कर्ष. लिस्टने ‘राजकीय अर्थशास्त्राची राष्ट्रीय प्रणाली’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले की राष्ट्राची खरी संपत्ती म्हणजे संपत्ती निर्माण करण्याची ताकद होय, आणि त्या ताकदीत यंत्रांइतकेच कसब, शिक्षण, रस्ते, कायदे व स्वातंत्र्यही मोडते. ती ताकद कमावण्यासाठी नवजात उद्योगाला काही काळ आयातीवरील जकातीचे संरक्षण द्यावे लागले आणि तेवढ्यापुरता माल महाग झाला, तरी तो खर्च शिक्षणावरील खर्चासारखा मानावा. हा विचारही निखळ जर्मन मातीत उगवलेला नव्हता, हे विसरता कामा नये. वुर्टेम्बर्गमध्ये शासनसुधारणेची मागणी केल्याबद्दल लिस्टला तुरुंगवास घडला, तेथून सुटल्यावर १८२५ साली तो अमेरिकेला गेला, पेन्सिल्व्हेनियात जर्मन भाषेतील वृत्तपत्राचे संपादन करू लागला आणि तेथेच अलेक्झांडर हॅमिल्टनच्या १७९१ च्या उद्योगविषयक अहवालाभोवती वाढलेल्या अमेरिकी संरक्षणवादाशी त्याचा निकटचा संबंध आला. ज्याला जग जर्मन विचार म्हणून ओळखते तो समुद्र ओलांडून जर्मनीत परतलेला अमेरिकी अनुभव होता.

अध्यापिकेने लिस्टच्या मोठेपणाविषयी वाद घातला नाही. तिचा आक्षेप वेगळा होता. “काका, लिस्टच्या औषधाबरोबर पथ्य होते आणि मुदतही होती. सुरुवातीला चाळीस ते साठ टक्के संरक्षण देऊनही जो उद्योग उभा राहत नाही आणि पुढे वीस ते तीस टक्क्यांवर टिकत नाही, त्याच्या मुळाशीच काही उणे आहे असे समजावे, हे त्याने स्वच्छ लिहिले आहे. शेतमालाच्या संरक्षणाला तर त्याचा विरोधच होता. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे औषध आपल्यासाठी नव्हतेच. कारखानदारी समशीतोष्ण कटिबंधातील राष्ट्रांनी करावी, उष्ण कटिबंधातील देशांनी कच्चा माल पिकवून तो तयार मालाच्या बदल्यात द्यावा, ही निसर्गाचीच योजना आहे असे तो मानत होता. म्हणजे ज्या ग्रंथाच्या आधारावर पिपलानीचा कारखाना उभा आहे असे आपण म्हणता, त्या ग्रंथाने भोपाळच्या वाट्याला कापूस आणि अफूच दिली असती.”

हा आक्षेप खरा आहे आणि त्यामुळेच न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी केलेल्या कामाची उंची कळते. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी ‘भारतीय अर्थशास्त्र’ या विषयावर इंग्रजीत व्याख्यान दिले. त्यात त्यांनी युरोपातील अर्थविचाराचा इतिहास क्रमाने मांडला आणि लिस्ट, तसेच रोशर, हिल्डेब्रांड व क्नीस या जर्मन ऐतिहासिक संप्रदायाच्या पंडितांची ओळख करून दिली. ऐतिहासिक संप्रदाय म्हणजे, अर्थशास्त्राचे नियम भूमितीसारखे सर्व देशकाळी सारखे नसून प्रत्येक समाजाच्या संस्था, रूढी आणि विकासाची पायरी पाहूनच ठरतात, असे मानणारी विचारपरंपरा. इंग्रज अर्थशास्त्राची मांडणी निगमनाची होती: माणूस स्वहित पाहतो, स्पर्धा मोकळी असते, भांडवल व श्रम हवे तिकडे वाहतात, अशी काही गृहीते धरून त्यांतून पुढचे सिद्धांत तर्काने काढायचे. रानड्यांनी ही गृहीते एकेक करून भारतीय वास्तवापुढे उभी केली. येथे व्यक्तीपेक्षा कुटुंब आणि जात बलवान आहे, स्पर्धेपेक्षा रूढी, करारापेक्षा जन्मसिद्ध दर्जा. भांडवल आणि श्रम जागचे हलत नाहीत. गृहीतच लागू नसेल तर सिद्धांताचा आग्रह कशासाठी, हा त्यांचा प्रश्न होता.

याच व्याख्यानात उष्ण कटिबंधाने कच्चा माल पिकवावा आणि समशीतोष्ण कटिबंधाने कारखानदारी करावी या भौगोलिक श्रमविभागणीवर रानड्यांनी जी टीका केली, ती इंग्रज पंडितांना उद्देशून होती; पण ती नेमकी लिस्टलाही लागू पडते. भारतातील कारागिरी एके काळी जगाच्या बाजारात होती, तेव्हा हवामान आडवे आले नव्हते. जे इतिहासाने घडवले ते निसर्गाचे विधान म्हणून मान्य करण्यास रानडे तयार नव्हते. लिस्टने इंग्लंडच्या विश्वनियमांना जर्मनीचा अपवाद दाखवला आणि रानड्यांनी लिस्टच्या नियमाला भारताचा अपवाद दाखवला, तोही लिस्टचीच पद्धत वापरून. परक्या विचाराशी कसे वागावे याचा इतका निर्मळ नमुना आधुनिक भारतीय विचारात दुसरा सापडणे कठीण आहे.

“मग ताई, भांडण कुठे राहिले?” असे अभियंत्यांनी विचारले. “रानड्यांनी दुरुस्ती केली, स्वतंत्र भारताने ती अमलात आणली.”

“अर्धीच आणली,” हे अध्यापिकेचे उत्तर होते. “रानड्यांनी जकातीवर फारसा भर दिला नाही, कारण जकात त्यांच्या हाती नव्हती. लँकेशायरच्या गिरण्यांना झळ लागू नये म्हणून मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावर उलटा अबकारी कर बसवणारे सरकार संरक्षण कुठून देणार? ती नामुष्की १८९६ मध्ये साडेतीन टक्के दराने पक्की झाली आणि १९२५ सालापर्यंत चालली. रानड्यांनी सरकारकडे मागितले ते तांत्रिक शिक्षण, नव्या उद्योगांना कर्ज, सरकारी खात्यांनी लागणारा माल देशात विकत घ्यावा अशी हमी. रेल्वे कंपन्यांना पाच टक्के व्याजाची हमी देता येते तर लोखंडाच्या कारखान्याला का नाही, असा त्यांचा रोख होता. भिंत बांधण्यापेक्षा भिंतीआडच्या माणसाला तयार करण्याची ही मागणी होती. स्वातंत्र्यानंतर भिंत उंच झाली आणि तयारीची परीक्षा घ्यायचे राहून गेले.”

अभियंत्यांना हा आरोप मान्य नव्हता. परीक्षा घेतली गेली नाही हे म्हणणे कारखान्याबाहेरून सोपे आहे, असे सांगून त्यांनी स्मरण करून दिले की १९६० साली नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केलेल्या त्या कारखान्यातून जलविद्युत टर्बाइने, जनित्रे आणि रेल्वे इंजिनांच्या मोटारी देशभर गेल्या. १९७४ साली ही कंपनी भारत हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये विलीन झाली आणि त्याच दशकात औष्णिक वीजसंचांसाठी पश्चिम जर्मनीच्या ‘क्राफ्टवेर्क युनिअन’ या कंपनीशी तांत्रिक करार झाला, तेव्हा ते तंत्र पेलण्याइतकी माणसे देशात तयार होती. “शिकलेला हातच शिकवणी घेऊ शकतो. पहिली वीस वर्षे महाग पडली म्हणून ती वाया गेली असे होत नाही.”

त्यावर अध्यापिकेने २०१२ सालचा दाखला दिला. त्या वर्षीच्या जुलैमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आयात वीजसंचांवर एकूण २१ टक्के कर मंजूर केला, कारण स्वस्त चिनी संचांपुढे देशी उत्पादक मागे पडत होते. “जन्मानंतर छप्पन्न वर्षांनीही ज्याला नवजात म्हणून सवलत द्यावी लागते, त्या उद्योगाविषयी लिस्टने काय म्हटले असते?”

अभियंत्यांचे उत्तर तयार होते. “२१ म्हणजे वीस ते तीसच्या आतच बसते, ताई. आणि चिनी संच स्वस्त होते ते निव्वळ कसबामुळे नव्हेत. त्यांच्यामागे त्यांच्या सरकारी बँकांचे स्वस्त कर्ज होते. लिस्ट वाचून घेतलेला देश समोर उभा असताना आपणच तेवढे ॲडम स्मिथ वाचत बसावे काय?”

ही चकमक वरवर बरोबरीची वाटली तरी तिच्यातील महत्त्वाचा धागा अध्यापिकेच्या बाजूचा आहे. संरक्षण किती टक्के हा प्रश्न दुय्यम आहे. ते कोणत्या कसोटीवर द्यायचे आणि कोणत्या कसोटीवर काढून घ्यायचे, हे आधी ठरले होते की नाही, हा मुख्य प्रश्न आहे. मराठी सार्वजनिक जीवनात ही कसोटी रानड्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्येच सांगितली होती. साखरेवरील जकातीच्या चर्चेत केंद्रीय कायदेमंडळात बोलताना त्यांनी लिस्टचा उल्लेख करून योग्य संरक्षण आणि अयोग्य संरक्षण यांत भेद केला: वाढत्या उद्योगाला आधार मिळतो पण जनतेच्या जिवावर गब्बर होणारे गट तयार होत नाहीत ते योग्य, आणि नेमके असे गटच ज्याचा लाभ उठवतात ते अयोग्य. इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील १९२१-२२ च्या राजकोषीय आयोगाने हीच दृष्टी तीन अटींत बांधली: उद्योगाला कच्चा माल, मजूर, बाजारपेठ असे नैसर्गिक अनुकूल घटक असावेत, संरक्षणाशिवाय तो वाढू शकणार नाही अशी स्थिती असावी, आणि शेवटी तो जगाच्या स्पर्धेत विनासंरक्षण उभा राहील अशी शक्यता असावी. या अटींखाली १९२४ साली पोलादाला आणि १९३२ साली साखरेला संरक्षण मिळाले, आणि देशातील आधुनिक साखर कारखान्यांची संख्या पाच वर्षांत तीसेकवरून सव्वाशेच्या पुढे गेली. नगर जिल्ह्यातील साखरपट्ट्याच्या वाढीमागेही हे कवच होतेच. परक्या सरकारने अनिच्छेने घातलेल्या या अटी कठोर होत्या, अन्यायकारकही होत्या, तरी त्यांत अखेरच्या परीक्षेची तरतूद होती. स्वराज्यात ती परीक्षा ढिली पडली, ही गोष्ट दुःखाची आहे.

भोपाळात उद्योगाविषयी बोलताना २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली वायुगळतीची रात्र वगळून बोलणे अप्रामाणिकपणाचे ठरते, आणि अध्यापिकेने ती वगळली नाही. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन आयात करण्याऐवजी १९८० पासून येथेच बनू लागले, तेव्हा देशी उत्पादनाचा आग्रह धोरणाला मानवणाराच होता. “यंत्र आले, परवाना आला, पण धोका ओळखणारी तपासणी, दुरुस्तीची शिस्त, वस्तीला इशारा देणारी व्यवस्था आली नाही. लिस्टच्या शब्दांत सांगायचे तर वस्तू बनली, उत्पादक शक्ती बनली नाही.” कार्बाइडच्या दुर्घटनेची जबाबदारी परकी कंपनी आणि तिच्या नफ्याच्या हिशेबावर आहे, ती एखाद्या आर्थिक सिद्धांताच्या माथी मारू नये, असे अभियंत्यांनी गंभीरपणे सांगितले, मात्र देखरेख हाही क्षमतेचाच भाग आहे, हे त्यांनी मान्य केले. या मुद्द्यावर दोघांत मतभेद उरला नाही.

जर्मन प्रभावाचा विचार येथवर कारखान्यांपुरता झाला. त्याची दुसरी बाजू राज्यसंस्थेची आहे, आणि तेथे भोपाळचे नाव एका वेगळ्याच कारणाने येते. भोपाळात जन्मलेले मौलाना बरकतुल्ला पहिल्या महायुद्धात बर्लिनमधील भारतीय क्रांतिकारकांच्या समितीशी जोडले गेले, जर्मन सरकारच्या पाठबळाने काबूलला गेलेल्या मोहिमेत सामील झाले आणि १ डिसेंबर १९१५ रोजी तेथे स्थापन झालेल्या भारताच्या हंगामी सरकारचे पंतप्रधान झाले. येथील विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे. ही मदत जर्मनीच्या शस्त्रबळाची होती, विचाराची नव्हे. पुढे बरकतुल्लांचा मार्ग मॉस्कोकडे वळला, म्हणजे मार्क्स या दुसऱ्या जर्मनाच्या शिष्यांकडे. परंतु मार्क्सचा भारतातील प्रभाव हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय असल्याने तो येथे बाजूला ठेवणे इष्ट.

राज्यसंस्था हे राष्ट्राचे सामूहिक गरजा भागवणारे अंग आहे, जे व्यक्तीला किंवा सहकाराला नीट साधत नाही ते राज्याने करावे, हे तत्त्वही रानड्यांनी १८९२ च्या व्याख्यानात स्वीकारले होते, आणि त्यावर जर्मन विचाराची छाया स्पष्ट आहे. अध्यापिकेला धोका दिसतो तो नेमका येथे. “काका, राज्य हे अंग आहे असे म्हटले की पुढची पायरी म्हणजे राष्ट्र हा एक जीव, आणि त्याच्या पुढची म्हणजे त्या जीवात न मिसळणारा तो परका. १९३९ साली नागपुरातून निघालेल्या गोळवलकरांच्या राष्ट्रविषयक पुस्तकात ब्लुंट्श्ली या हायडेलबर्गच्या प्राध्यापकाच्या व्याख्येचा आधार आहे आणि तत्कालीन जर्मनीच्या वंशाभिमानाचा दाखलाही आहे. हीसुद्धा जर्मन विद्याच, आणि तीही मराठी माणसाच्याच हातून आली.”

अभियंत्यांनी येथे रानड्यांचा बचाव केला, आणि तो योग्य होता. प्रार्थना समाजाच्या आणि सामाजिक परिषदेच्या कामात आयुष्य घातलेल्या रानड्यांच्या दृष्टीने राष्ट्र ही आधीच सिद्ध असलेली वस्तू नव्हती, ती सुधारणेने घडवायची होती. जात आणि कुटुंब यांचे वर्चस्व त्यांनी वास्तव म्हणून नोंदवले, आदर्श म्हणून नव्हे. लिस्टही स्वातंत्र्य, प्रातिनिधिक शासन आणि कायद्याचे राज्य यांना उत्पादक शक्तीचे घटक मानत होता. बिस्मार्कने १८७९ साली जकात उचलली, हे घटक मात्र बाजूला ठेवले. त्यामुळे जर्मनीनेही आपल्या विचारवंताचे म्हणणे अर्धेच घेतले, असे म्हणणे भाग आहे.

अर्ध्या उसनवारीचा सर्वांत महागडा अनुभव मात्र घटनेच्या क्षेत्रात आला. जर्मनीच्या १९१९ च्या वायमार घटनेतील अठ्ठेचाळिसाव्या कलमाने राष्ट्राध्यक्षाला संकटकाळी काही मूलभूत हक्क तहकूब करण्याचा अधिकार दिला होता. २८ फेब्रुवारी १९३३ च्या हुकुमाने याच कलमाखाली ते हक्क गोठवले गेले आणि हिटलरच्या हुकूमशाहीचा रस्ता मोकळा झाला. भारताच्या संविधान सभेत ऑगस्ट १९४९ मध्ये याच धर्तीच्या आणीबाणीच्या तरतुदी चर्चेला आल्या, तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी हरी विष्णू कामत यांनी वायमारचे हे उदाहरण उभे करून तीव्र विरोध केला. हे कामत पुढे भोपाळशेजारच्या होशंगाबादमधून लोकसभेवर निवडून गेले. त्यांचा इशारा बाजूला सारून तरतुदी मंजूर झाल्या.

“आणि पंचवीसेक वर्षांनी हिशेब कोठे चुकता करावा लागला?” असे विचारून अध्यापिकेनेच उत्तर दिले. “आपल्याच राज्यात. आणीबाणीत जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्कासाठी न्यायालयात जाण्याची वाट बंद झाली, तेव्हा जबलपूरच्या उच्च न्यायालयाने स्थानबद्धांची बाजू घेतली. पण २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जबलपूरचे अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी विरुद्ध शिवकांत शुक्ल या खटल्यात चार विरुद्ध एक मतांनी सांगितले की अशा काळात बेकायदा स्थानबद्धतेविरुद्धही दाद मागता येणार नाही. बहुमतात पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. विरोधात एकटे हंसराज खन्ना.”

या वेळी अभियंत्यांकडे उत्तर होते आणि ते अध्यापिकेलाही ठाऊक होते. जर्मनीने वायमारच्या राखेतून धडा घेऊन १९४९ च्या मूलभूत कायद्यात, म्हणजे पश्चिम जर्मनीच्या घटनेत, मानवी प्रतिष्ठा आणि लोकशाहीची तत्त्वे कोणत्याही बहुमताला बदलता येणार नाहीत असे कलम घातले. हायडेलबर्गच्या दक्षिण आशिया संस्थेतील कायदेपंडित डिट्रिश कॉनरॅड यांनी १९६५ साली बनारस हिंदू विद्यापीठात घटनादुरुस्तीच्या मर्यादांवर व्याख्यान दिले; जीविताचा हक्कच काढून टाकणारी दुरुस्ती संसद करू शकेल काय, असा प्रश्न त्यांनी भारतीय वकिलांपुढे ठेवला. तो युक्तिवाद पुढे सर्वोच्च न्यायालयात पोहोचला, आणि २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालात सात विरुद्ध सहा मतांनी ‘मूलभूत चौकटी’चा, म्हणजे संसदेलाही हात लावता येणार नाही अशा घटनेच्या गाभ्याचा, सिद्धांत प्रस्थापित झाला. “एका जर्मन कलमाने जखम केली, दुसऱ्याने मलमपट्टी,” असे अभियंत्यांनी म्हटले, तेव्हा अध्यापिकेने एक दुरुस्ती सुचवली: मलमपट्टी भारतीयांनी स्वतः केली, १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीविताचा हक्क आणीबाणीतही तहकूब होणार नाही असे ठरवले, आणि जबलपूरचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली औपचारिकपणे रद्दबातल केला.

सहकाराची कथाही अर्ध्या उसनवारीचीच आहे. मद्रासच्या फ्रेडरिक निकल्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऱ्हाइनकाठच्या रायफायझेन पतसंस्थांचा नमुना भारतापुढे ठेवला आणि १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा त्यावर बेतला गेला. रायफायझेनची संस्था गावापुरती असे, सभासद एकमेकांना ओळखत आणि एकाच्या कर्जाला सर्व जण आपल्या मालमत्तेनिशी जबाबदार राहत. भारतात हा साचा आला, पण त्याच्या माथ्यावर सरकारी निबंधक बसला, आणि गावाने गावावर ठेवायची नजर कचेरीकडे गेली. महाराष्ट्रातील सहकाराने नंतर जे कमावले ते या साच्याबाहेर पडून, साखर कारखान्यासारख्या उत्पादक संस्थांतून.

वादाच्या अखेरीस अभियंत्यांनी आपली भूमिका सोडली नाही. संपूर्ण विचार, त्याच्या साऱ्या अटींसह, उचलण्याची वाट पाहत बसलेला देश कधीच काही उभारणार नाही. काम सुरू करावे लागते, अटी वाटेत शिकाव्या लागतात, असे त्यांचे ठाम मत राहिले. अध्यापिकेचे मत असे की अटी वाटेत शिकल्या जात नाहीत, त्या लिहून ठेवाव्या लागतात. २०२० पासून उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेखाली मोबाइल फोनपासून अनेक उद्योगांना जे अनुदान मिळू लागले त्यात मुदत आणि उत्पादनवाढीची अट लिहिलेली आहे, ही तिच्या मते जमेची बाजू. मुदत सरताना ती वाढवण्याची मागणी जेव्हा येते, तेव्हा लोकप्रतिनिधी काय करतात यावर सारे अवलंबून आहे.

या दोन मतांपैकी अध्यापिकेचे मत अधिक स्वीकारार्ह वाटते, कारण रानड्यांनी लिस्टच्या बाबतीत जे केले ते काम सुरू होण्यापूर्वी केले होते: आधी अट तपासली, जी भारताला लागू नव्हती ती सकारण नाकारली, आणि मग पद्धत घेतली. मराठी वाचकाने त्यांचे १८९२ चे व्याख्यान मुळातून वाचावे. ते त्यांच्या भारतीय अर्थशास्त्रावरील निबंधसंग्रहात आहे. मराठी माध्यमातून अर्थशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती रानड्यांचे चरित्र पडते तसे त्यांचे हे व्याख्यानही सटीप मराठी आवृत्तीत पडले पाहिजे, आणि भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूर येथील मराठी मंडळांनी हे काम अंगावर घ्यावे.